आईचा कमरेतला एल४-एल५ मणका सरकलाय, नुसती नस मोकळी करायची की स्क्रूपण टाकायचे?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची, वर्षभरापासून चालायला लागली की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात, मग कठड्याला नाहीतर भाजीच्या गाडीला वाकून टेकली की जरा वेळात बरं वाटतं आणि परत चालते. फिजिओ, गोळ्या, मणक्यातलं इंजेक्शन सगळं करून झालं. एमआरआयमध्ये स्टेनोसिस (नसांची जागा अरुंद होणं) आलंय आणि मणका थोडा पुढे सरकलाय, ग्रेड १. एक सर्जन म्हणतात डिकम्प्रेशन (नस मोकळी करणं) आणि सोबत स्क्रू-रॉड टाकून फ्यूजन (मणके एकमेकांना जोडणं) करू नाहीतर अजून सरकेल, दुसरे म्हणतात नुसती नस मोकळी करू. दोघंही अनुभवी आहेत, दोघांनीही वेळ देऊन समजावलं. आईला परत टेबलवर घ्यायची वेळ येऊ नये एवढंच वाटतं. यावर नीट अभ्यास झालेत का?

ऑर्थो_निवासी:
झालेत ताई, आणि अगदी याच प्रश्नावर झालेत. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन ट्रायल आल्या. स्वीडनची २४७ पेशंटची, त्यात दोन वर्षांनी फ्यूजनचा काहीच जास्तीचा फायदा दिसला नाही, उलट हॉस्पिटलमध्ये सरासरी ४.१ ऐवजी ७.४ दिवस राहावं लागलं. दुसरी अमेरिकेची, फक्त ६६ पेशंट, तिच्यात फ्यूजनवाल्यांचा शारीरिक स्कोअर थोडा बरा आला आणि चार वर्षांत परत ऑपरेशन १४ टक्क्यांना लागलं, नुसत्या डिकम्प्रेशनमध्ये ३४ टक्क्यांना. म्हणजे तुम्हाला जी भीती वाटतेय ती उगाच नाहीये.

मग २०२१ मध्ये नॉर्वेची नॉर्डस्टेन नावाची ट्रायल आली, २६७ पेशंट आणि सगळ्यांचा मणका सरकलेला. दोन वर्षांनी चांगला फरक पडलेले नुसत्या डिकम्प्रेशनमध्ये ७१.४ टक्के, फ्यूजनमध्ये ७२.९ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. परत ऑपरेशन नुसत्या डिकम्प्रेशनमध्ये १२.५, फ्यूजनमध्ये ९.१ टक्के. पाच वर्षांचा फॉलोअपही आलाय, तोही तसाच.

सांगलीकर_७१:
मग अमेरिकेत ३४ आणि नॉर्वेत १२.५ एवढा फरक कसा काय?

ऑर्थो_निवासी:
मला स्वतःला हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो दादा. देश वेगळा, फॉलोअपची वर्षं वेगळी, आणि परत ऑपरेशन करायचं की नाही हे शेवटी सर्जन आणि पेशंटच ठरवतात, ते सगळं आहेच. पण तंत्रही वेगळं होतं. अमेरिकेत मागची कमान पूर्ण काढायची लॅमिनेक्टमी केलेली, नॉर्वेत मधलं हाड आणि लिगामेंट शाबूत ठेवून बाजूने नस मोकळी केली. मणक्याचा मागचा आधार तसाच राहिला की तो पुढे सरकायला कारण कमी उरतं. म्हणून ताई, दुसऱ्या सर्जनना "फ्यूजन करणार का" एवढंच विचारू नका, डिकम्प्रेशन नेमकं कसं करणार आणि मधला भाग ठेवणार का ते विचारा, आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

वऱ्हाडी_फिजिओ:
अजून एक, आईंचा पुढे वाकून आणि मागे वाकून असा उभ्याने एक्स-रे झालाय का? एमआरआय झोपवून काढतात, त्यात मणका किती हलतो ते कळत नाही. खूप हलत असेल, मोठा बाक असेल किंवा पायापेक्षा कंबरच जास्त दुखत असेल तर फ्यूजनकडे कल जाणं साहजिक आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्रास पायांचा आणि चालण्याचा दिसतोय, तो नस मोकळी केल्यावर कमी होण्याची शक्यता चांगली असते, जुनी कंबरदुखी मात्र दोन्ही ऑपरेशनमध्ये पूर्ण जाईल असं धरून चालू नका. हाडांची डेक्सा टेस्टपण करून घ्या कारण हाड ठिसूळ असेल तर स्क्रू ढिले व्हायची भीती असते.

गोदाकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. असा एक्स-रे झालेलाच नाहीये, उद्याच विचारते. निर्णयाला महिनाभर लागला तर चालेल का?

ऑर्थो_निवासी:
पायात ताकद टिकून असेल तर सहसा चालतं, पण तसं त्यांच्या सर्जनकडूनही विचारून घ्या. पाऊल लुळं पडायला लागलं, लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला तर मात्र थांबू नका, त्याच रात्री इमर्जन्सीला न्या.