पिसदुऱ्याला जीवाश्म पाहायला जायचं आहे, कुणी गेलंय का?

हिंगणघाटची मावशी
भाची दहावीची परीक्षा आटोपून माझ्याकडे आली आहे. दगडांचं भारी वेड. वरोऱ्याच्या उत्तरेला पिसदुरा गावाच्या वावरांत डायनासोरचे अवशेष सापडतात, असं तिनं वाचलं आणि आता माझा पिच्छाच पुरवून राहिली आहे. काय शोधायचं, ओळखायचं कसं? आणि सापडलेलं घरी आणलं तर चालतं का?

धुऱ्यावरचा मास्तर
ताई, न्या तिला, नक्की न्या. माझी नोकरी याच भागात गेली. शाळा सुटली की पोरांना घेऊन मी ही वावरं फिरायचो, अजूनही फिरतो.

आधी एक करा. ज्यांचं वावर आहे त्यांना गाठा, राम राम करा, काय पाहायला आलो ते सांगा. लोक चांगले आहेत, कधी कधी स्वतःच धुऱ्यावर गोळा करून ठेवलेले गोटे दाखवतात. कपाशीची उलंगवाडी झाली की वावर मोकळं असतं. पेरणी झालेल्या वावरात मात्र पाय ठेवू नका.

काळ्या मातीत वेळ घालवू नका. लाल, चिकट माती उघडी पडली आहे तिथं पाहा. हाडाचा तुकडा तुटल्या कडेला पाहायचा, आत बारीक जाळी दिसते. चुनखडीच्या गोट्यात ती नसते. कासवाच्या पाठीचे चपटे तुकडेही मिळतात. पण पिसदुऱ्याचं खरं धन म्हणजे विष्ठेचे जीवाश्म! लांबट, एखादं टोक निमुळतं, अंगावर वळ्या. पोरं आधी नाक मुरडतात. मग मी त्यांना सांगतो, की लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोट्यांत गवताचे सिलिकाकण, म्हणजे गवताच्या पेशींत तयार होणारे वाळूसारखे सूक्ष्म कण, शोधले. २००५ साली ते छापून आलं. तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं याचा असा पुरावा कुणाकडे नव्हता. तो आपल्या वरोरा तालुक्याच्या मातीनं दिला. हे सांगताना मला आजही भरून येतं.

घरी आणण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आणू नका. फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, मोबाईलवर जागेची नोंद घ्या. कोणत्या थरातून आला हेच माहीत नसेल, तर तो गोटा अभ्यासकाच्या कामाचा राहत नाही. मोठं हाड मातीत रुतलेलं दिसलं तर खुरपं अजिबात लावू नका, नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात कळवा.

सिंदेवाहीचा धानवाला
मास्तर, पुढचंही सांगा ना! २०११ मध्ये त्याच गोट्यांत भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणा मिळाल्या. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या धान लावणारे लोक, हे वाचलं त्या रात्री मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं.

आलापल्लीकर
सवड असेल तर सिरोंचाजवळ वडधमलाही न्या. तिथं झाडांचे जीवाश्म आहेत आणि ते पिसदुऱ्याहून कितीतरी जुने, ज्युरासिक काळातले. लांब पडेल, मुक्कामानंच जा.

हिंगणघाटची मावशी
गुरुजी, मनापासून आभार. भाचीनं सगळं वहीत उतरवून घेतलं. ती विचारते, अख्खा सांगाडा कुठं पाहायला मिळेल?

धुऱ्यावरचा मास्तर
पिसदुऱ्याजवळच डोंगरगावची टेकडी आहे. तिथं एका लांब मानेच्या डायनासोरचा बराचसा सांगाडा मिळाला, पण अख्खा नाही, कवटी नव्हतीच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या (इंग्रजी आद्याक्षरं ISI) लोकांनी तो खणला, म्हणून आज त्याचं नाव इसिसॉरस. टेकडी मात्र तिला दाखवा. सकाळी सातच्या आत पोहोचा, दहानंतर ऊन उभं राहू देत नाही. पाणी भरपूर घ्या. वरोऱ्यात उतरलात की इथं लिहा, मी येतो सोबत.