मदत हवी आहे: बारशाच्या सजावटीचं उरलेलं सामान

मंडळी, रविवारी इंदिरानगरला माहेरी भाचीचं बारसं झालं. सजावटीचं सामान मेन रोडवरून आणलं होतं, त्यातलं बरंच उरलंय: जवळपास 12 मीटर गुलाबी नेटचं कापड, क्रेपच्या झिरमिळ्या, कापडी झेंडूच्या माळा, 9 चंदेरी फॉइलचे फुगे आणि थर्माकोलमध्ये कोरलेलं बाळाचं नाव.

माळा गणपतीच्या मखरासाठी ठेवल्यात. नेटच्या पुरचुंड्या शिवून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यात तिळगूळ द्यायचा विचार आहे. एका मीटरमध्ये किती होतील? क्रेपचा रंग पाण्यात उतरतो, तो मुलांनी चित्रांना वापरला. काय सुंदर छटा आल्या!

अडलंय फुगे आणि थर्माकोलपाशी. फॉइल म्हणजे प्लॅस्टिकवर धातूचा पातळ थर, आमचा भंगारवाला घेत नाही आणि घंटागाडीत टाकवत नाही. कापून भेटवस्तूंना गुंडाळता येतील का? कुणी केलंय?

नाव मात्र जपायचंच आहे, आत्या म्हणून मीच ठेवलंय ते. पण कडांचे दाणे झडताहेत. काही गोंदांनी थर्माकोल वितळतो, म्हणून हात लावला नाही. वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवून रंगवलं तर टिकेल का? अनुभव असलेल्यांनी जरूर सांगा.