आमोस, हाग्गय, नहूम: 'लघु' संदेष्टे नेमके कोणाच्या बाजूचे?

माणदेशी

हिब्रू बायबल म्हटलं की मोशे, दावीद, फार तर यशया आणि यिर्मया आठवतात. त्यांच्या मागे एकाच गुंडाळीत बसवलेले बारा संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारे, आहेत: होशेय, आमोस, मीखा, नहूम, हबक्कूक वगैरे. त्यांना 'लघु' म्हणतात ते योग्यतेमुळे नव्हे, लांबीमुळे. यशयाचे ६६ अध्याय, तर ओबद्याची सगळी मिळून २१ वचनं.

माझं म्हणणं असं की ही मंडळी आधी नाडलेल्या माणसाची वकील आहेत, भविष्य सांगणं नंतर. मराठीतला 'भविष्यवादी' हा जुना शब्द इथे चक्क दिशाभूल करतो.

आमोसच घ्या. दक्षिणेच्या यहूदा राज्यातल्या, बेथलेहेमच्या दक्षिणेकडच्या तकोवा गावचा मेंढपाळ. इ.स.पू. ७६० च्या सुमारास, यराबाम दुसरा राज्य करत असताना, हा उत्तरेच्या इस्राएल राज्यातल्या बेथेलच्या देवळात जाऊन उभा राहिला. राज्यात पैसा खेळत होता, श्रीमंत हस्तिदंती पलंगांवर लोळत होते. आणि हा म्हणतो, तुम्ही गरिबाला पायतणाच्या जोडापायी विकता. सण कधी संपतो आणि धान्याचं दुकान कधी उघडतो याची वाट बघता. माप लहान करता, वजन मोठं करता, गव्हाबरोबर भुसाही खपवता. आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात, तेच.

पुजारी अमस्या म्हणाला, तुझ्या यहूदात जा, तिकडे पोट भर. हे राजाचं देऊळ आहे. आमोसचं उत्तर: मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा शिष्यही नाही, मी गुरं राखतो आणि उंबरं सांभाळतो. (ते उंबर आपल्या औदुंबराच्या गोतातलंच. फळ पिकावं म्हणून एकेकाला चीर द्यावी लागायची.)

खोचक

छान, पण हा सोयीचा आमोस झाला. 'न्याय पाण्यासारखा वाहो' ही त्याची ओळ मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या भाषणात घेतली, तेव्हापासून तो सगळ्यांना चळवळीतला वाटतो.

बाराजणांत हाग्गयही आहे ना? इ.स.पू. ५२०, पारशी राजा दारयावेशाचं दुसरं वर्ष. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून यहूदात परतलेले लोक, पिकं बुडालेली, मजुरी म्हणजे भोक पडलेल्या थैलीत टाकलेला पैसा. हे शब्द त्याचेच. त्यावर त्याचा उपाय काय? मापं तपासा? सावकार आवरा? नाही. 'तुम्ही तक्तपोशीच्या घरात राहता आणि देवाचं घर ओसाड', म्हणून आधी देऊळ बांधा! आमोस ज्या देवळांवर तुटून पडला, हाग्गय तसंच एक उभारायला निघालाय. दोघे एका गुंडाळीत म्हणून एका पक्षात कसे?

नहूम तर सोडाच. अश्शूर साम्राज्याची राजधानी निनवे पडणार म्हणून तीन अध्याय नुसता आनंद. ओबद्या म्हणजे शेजारच्या अदोमला शिव्याशाप. यात नाडलेला कोण आणि वकील कोण?

लिपीवेडा

आमोसच्या बाजूने एक वस्तू मांडतो. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, लोक गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीशेजारी लोळतात. १९६० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्याजवळच्या एका जुन्या गढीत खापराचे तुकडे सापडले. इ.स.पू. सातव्या शतकातला अर्ज आहे तो, शाईने लिहिलेला. एक कापणीवाला अधिकाऱ्याला कळवतोय: मी माझं काम पुरं केलं होतं, तरी होशायाहू बेन शोबैने माझं वस्त्र नेलं, सोबतचे लोक साक्ष देतील, माझं वस्त्र परत मिळवून द्या. आमोसनंतर शंभरेक वर्षांनीही तेच चालू होतं.

उत्तरेच्या राज्याची राजधानी समारिया, तिथल्या उत्खननात कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे मिळालेत. म्हणजे ते पलंगही अगदीच कवीच्या डोक्यातले नव्हते.

खोचक

ते वस्त्र गहाण नव्हतं, काम अपुरं म्हणून उचलून नेलं होतं. आणि ती गढी यहूदाच्या बाजूची, आमोस बोलला उत्तरेत. बाकी हस्तिदंत मान्य.

लिपीवेडा

बरोबर, गहाण नव्हतं, माझी घाई झाली. पण अंगावरचं एकुलतं वस्त्र काढून घेणं ही गोष्ट नियम करण्याइतकी नेहमीची होती, एवढं तरी धरा. गहाण घेतलेलं वस्त्र सूर्यास्ताआधी परत दे, असं बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात लिहिलंय.

माणदेशी

हाग्गयचा मुद्दा बोचला, कारण तो मी मुद्दाम वगळला होता. पण बेथेलचं देऊळ राजाचं, तिथला पुजारी राजाचा माणूस. हाग्गयच्या वेळी लोकांचा स्वतःचा राजाच उरला नव्हता. पारशी साम्राज्याच्या एका कोपऱ्यात विखुरलेल्या लोकांना एकत्र यायला जागा हवी होती. इ.स.पू. ५१५ मध्ये देऊळ पुरं झालं. दोन्ही देवळांना एकाच मापाने मोजू नका.

नहूमबद्दल मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. अश्शूरने इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदातलं लाखीश शहर घेतलं आणि त्या वेढ्याची शिल्पं निनवेच्या राजवाड्यात भिंतभर कोरली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुळावर चढवलेली माणसं त्यात स्पष्ट दिसतात. ज्यांच्या आजोबांना असं सजावटीत लटकवलं त्यांनी निनवे पडताना (इ.स.पू. ६१२) काय शोकगीत म्हणायचं? हासुद्धा नाडलेल्याचाच आवाज, फक्त ऐकायला गोड नाही.

खोचक

मग बारांतल्याच योनाचं काय करता? त्याच निनवेला देव माफ करतो, आणि योनाच रुसून बसतो. ग्रीक भाषांतराच्या क्रमात तर योना संपला की लगेच नहूम सुरू. एकात माफी, पुढच्या पानावर राखरांगोळी! यातून 'बारांचा संदेश' काढणाऱ्याला माझा दंडवत.

आणि हो, बहुतेक अभ्यासक योनाची गोष्ट बंदिवासानंतरची मानतात. तोवर निनवेचा उकिरडा झाला होता. मेलेल्या शत्रूला माफ करायला काय जातंय?

रेवदंडा

मध्येच बोलते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरातली. आमच्याकडे मलिद्याच्या ताटाला, पोहे-खोबरं-साखर-फळं मांडून, नाव घेतात ते एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं. त्याच्या नावावर पुस्तक नाही. त्याचं पुन्हा येणं सांगितलंय ते बारांतल्या शेवटच्या मलाखीने. पण घरात मलाखी हे नाव कोणाच्या तोंडी नसतं, एलियाहूचं असतं.

पुस्तक नसलेले आणखी आहेत. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास यरुशलेमच्या देवळात नियमशास्त्राची गुंडाळी सापडली, तेव्हा योशिया राजाची माणसं ती खरी का, पुढे काय, हे विचारायला यिर्मयाकडे नाही, हुल्दा नावाच्या संदेष्टीकडे गेली. वस्त्रभांडाराच्या रखवालदाराची बायको. तिने तोंडावर सांगितलं, अरिष्ट येणार. बारांची यादी करून भांडताना तुम्हा दोघांना ती आठवली नाही, हे बघून ठेवलंय.

आणि खोचक, मेलेल्या शत्रूला माफ करणं सोपं म्हणता, तर योना आम्ही कधी वाचतो ते ऐका. योम किप्पूरच्या, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी, कडक उपासात, पाण्याचा थेंबही नसताना. त्या घटकेला निनवेशी कोणाला देणंघेणं नसतं. मला तर दर वर्षी माझी जाऊ आठवते, आणि ती चांगली जिवंत आहे.

खोचक

हुल्दा राहिली, कबूल. जावेपुढे आपण निरुत्तर. तरी हाग्गयवर मी ठाम आहे, ५१५ चं देऊळ बांधायला दगड कोणी उचलले ते माणदेशींनी सांगावं. बाकी चालू द्या.