मधले लोक म्हणजे नेमके कोण?

व्हायोलिनवाला: ‘संगणकाने ध्वनिमुद्रणात लोकशाही आणली आणि संयोजक, वादक हे मधले लोक गेले,’ असे कालच्या लेखात म्हटले आहे. या मधल्या लोकांत सेबास्टियन डिसूझा आणि अनिल मोहिले यांच्यासारखे, चालीभोवती वाद्यांची मांडणी करणारे संयोजक येतात, याचे तरी भान ठेवायचे होते. मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटर या ध्वनिमुद्रण स्टुडिओत गायक आणि वादक एकत्र बसत, तेव्हा एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा वाजवावे लागे. त्या धाकातून येणारा एकजीवपणा एकेक ट्रॅक, म्हणजे एकेक आवाज वेगवेगळा भरून येत नाही.

सातारकर: आपण आत होतात, म्हणून तो धाक गोड वाटतो. मी मात्र स्टुडिओच्या शिफ्टचे भाडे आणि वादकांचे मानधन जमवता जमवता चाली वहीतच ठेवल्या. आज ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या फुकट सॉफ्टवेअरवर आणि एका बऱ्या माइकवर माझे काम होते. रहमान यांनीही 1992 साली ‘रोजा’चे संगीत घराच्या आवारातल्या स्टुडिओतच घडवले होते.

व्हायोलिनवाला: आणि त्याच रहमान यांनी वादकांची नावे कॅसेटवर छापली, हे सोयीस्करपणे गाळलेत.

बासरीप्रेमी: नावांचाच विषय निघाला म्हणून लिहितो. एका संगीतकाराने माझ्याकडून बासरीचे तुकडे वाजवून घेतले आणि तेच कापून, सूर बदलून पुढच्या कित्येक गाण्यांत वापरले. मानधन एका बैठकीचे, नाव कुठेच नाही. पूर्वी निदान प्रत्येक गाण्याला बोलावणे तरी येई.

सातारकर: नाव तर टेपच्या काळातही बहुधा मिळत नसे. गोव्याहून आलेल्या ज्या संयोजकांनी स्वरलिपी लिहून वाद्यवृंद उभे केले, त्यांतील किती जण तबकडीच्या वेष्टनावर दिसतात? हे पाप संगणकाच्या माथी मारू नका.

व्हायोलिनवाला: मारत नाही, तेव्हा नाव चोरीला जाई, आता नावासोबत कामही जाते, एवढीच प्रगती मान्य करतो. संगणक हाताशी असूनही अजय-अतुल यांना ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद लागलाच ना?

सातारकर: त्यांना परवडले. मला साताऱ्यातला एक व्हायोलिनवादकही परवडत नाही, आणि म्हणून चाल, संयोजन, सगळे आवाज जुळवून एक करण्याचे मिक्सिंग, सगळे मीच करतो. मिक्सिंग वाईट होते, हे आपण सांगण्याआधीच कबूल करतो. पण गाणे वहीबाहेर आले.

बासरीप्रेमी: मग त्यातली बासरी कोणाची आहे, तेवढे सांगा.