बॅनरला पैसे मिळतात, समुपदेशकाच्या पगाराला मिळत नाहीत. काय करावं?

वस्तीतली_मावशी:
सोलापुरात बिडी कामगारांच्या एका वस्तीत, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत आमचं केंद्र चालतं. लैंगिक अत्याचार झालेल्या बाया-मुलींना सोबत करायची आणि तसं होऊ नये म्हणून शाळेत, बचतगटात, रिक्षा स्टँडवर बोलत राहायचं, अशी दोन कामं. माणसं तीन. एक समुपदेशक, एक वस्तीतलीच कार्यकर्ती आणि मी. मी मानधन घेत नाही, नवऱ्याची पेन्शन आहे.

पूर्वी एका मोठ्या संस्थेकडून परदेशी निधीतला वाटा यायचा. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा बदलला आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणंच बंद झालं. मग एका देशी ट्रस्टने तीन वर्षं सांभाळलं, ती मुदत मार्चमध्ये संपली. समुपदेशक मुलगी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर आहे, १८ हजारांवर काम करते. तिला दुसरीकडून बोलावणं आलंय.

कंपन्यांकडे गेलं की शाळेतल्या सत्रांना पैसे लगेच मिळतात. 'गुड टच बॅड टच', बॅनर, टोप्या, फोटो. पण रात्री सिव्हिलला जायच्या रिक्षाचं काय? तपासणीत अंगावरचे कपडे पुरावा म्हणून ठेवून घेतात, तेव्हा मुलीला घालायला दुसरे लागतात. आम्ही कपाटात वेगवेगळ्या मापांचे ड्रेस ठेवतो, आतल्या कपड्यांसकट. हा खर्च कुठल्या रकान्यात लिहू? कोर्टाच्या दिवशी आईची बिडीची मजुरी बुडते. साहेब रजेवर म्हणून पुढची तारीख पडते, की पुन्हा बुडते.

एका कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "तीन वर्षांत केसेस किती कमी झाल्या?" आमच्याकडे वाढल्यात हो! आधी कुणी तोंड उघडत नव्हतं. मग म्हणाले, एखाद्या मुलीचा व्हिडिओ द्या, चेहरा ब्लर करू.

वर्षाचा खर्च सहा लाखांच्या आत आहे. वस्तीतले एक पुढारी द्यायला तयार आहेत, पण त्यांचे नकोत. कुठून उभे करावेत?

खतावणी:
ताई, माझं आयुष्य ट्रस्टांच्या ऑडिटमध्ये गेलं. तुमचा कागद न बघता सांगतो, समुपदेशकाचा पगार तुम्ही 'आस्थापना खर्चा'त टाकलाय. काढा तिथून. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च, त्याच्या नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीने स्वतःचा सीएसआर कारभार चालवण्यासाठी. प्रकल्प राबवायला थेट लागणारा खर्च तिच्यात धरत नाहीत. तुमचा प्रकल्पच समुपदेशन आहे, मग ती मुलगी आस्थापना कशी? कंपनीतल्या पोरांनाही हे ठाऊक नसतं, नियम छापून सोबत न्या.

रिक्षा, कपडे, बुडालेली मजुरी हे सगळं 'तातडीचं साहाय्य' या एका शीर्षकाखाली. व्हाउचरवर नाव नको, केस क्रमांक घाला. नावांची वही कुलपात.

१२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्यांची मुदत तपासा. सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म भरलाय का? १ एप्रिल २०२१ पासून तो नंबर नसेल तर संस्थेला सीएसआरचं काम देता येत नाही.

धोपटमार्गी:
एवढी यातायात कशाला? अत्याचार झालेल्या बायकांसाठी सरकारचं सखी केंद्र आहे, महिला सुरक्षेचा निर्भया निधी आहे. त्यांच्याकडे पाठवा की. आणि पुढाऱ्याचा पैसा घेतला तर काय बिघडलं? कामाला लागला म्हणजे झालं.

वॉर्डातली_ताई:
धोपटमार्गी, सखी केंद्राची मी विरोधक नाही, मीच तिथे बायका पाठवते. पण तिथला मुक्काम साधारण पाच दिवसांचा. त्यानंतर मुलगी त्याच गल्लीत परत येते, आरोपीचं घर समोर. तिथून पुढे कोर्टापर्यंत सोबत कोण करणार?

मावशी, मी मुंबईत रुग्णालयात समाजसेवक आहे. आमच्याकडे टिकलेली उदाहरणं बघा. 'दिलासा' हे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं समुपदेशन केंद्र २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून सुरू केलं, पुढे महापालिकेने ते आपल्या अंगावर घेतलं. पोलिसांतला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष 'टिस'ने (टाटा समाजविज्ञान संस्था) १९८४ मध्ये सुरू केला, आज त्याचा खर्च राज्य सरकार उचलतं. दोन्हीकडे पगार सरकारी अंदाजपत्रकात शिरला म्हणून काम टिकलं. तुमच्या महापालिकेतही महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के तरतूद असायला हवी. तिचं काय होतं ते माहिती अधिकारात मागवा. बहुतेक शिलाई मशीन निघतील.

दुसरं म्हणजे, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांत केसमध्ये मुलाला सोबत करणाऱ्या 'सहाय्यक व्यक्ती'ला मोबदला आहे, कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही. तुमच्या कार्यकर्तीचं नाव जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या यादीत घाला आणि बाल कल्याण समितीकडून नेमणुकीचं पत्र घ्या. फुकट करत बसू नका. पीडितांना सरकारी अर्थसाहाय्य देणाऱ्या 'मनोधैर्य' योजनेचे पैसे मात्र केंद्राच्या हिशेबात धरू नका, ते त्या बाईचे किंवा मुलीचे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

व्हिडिओचं म्हणाल तर थेट नाही सांगा. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेचं २२८अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. चेहरा ब्लर करून काय होतं? वस्ती आवाजावरूनच ओळखते.

वस्तीतली_मावशी:
खतावणीकाका, अगदी तिथेच टाकलाय पगार. दुरुस्त करते.

धोपटमार्गी, पुढाऱ्याचं ऐका. पूर्वी त्यांच्याकडून पंखा आणि दोन खुर्च्या घेतल्या होत्या. महिन्याभरात त्यांचा माणूस दारात, "भाऊ विचारतायत, परवा सिव्हिलला कुणाच्या पोरीला नेलं?" आरोपी त्यांच्याच मंडळातला निघाला. नंतर निरोप, मिटवून घ्या. पोक्सोत कलम १९ प्रमाणे तक्रार करावीच लागते, मिटवायला जागाच नाही, हे मी त्याला पंख्याखाली बसून सांगत होते! खुर्च्या परत पाठवल्या, पंखा अजून तिथेच आहे. सहा लाख घेतल्यावर त्या माणसाला दाराबाहेर कशी ठेवू?

समितीवाली:
एक वाट कुणी सांगितली नाही. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते, तिच्यात एक सदस्य बाहेरचा, संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. तुमच्याकडे चादर-टॉवेलचे कारखाने आहेत, हॉस्पिटलं आहेत. नियमात बैठकीचा भत्ता दिवसाला २०० रुपये आहे (हसू नका). पण प्रशिक्षणाची फी वेगळी ठरवता येते. हा पैसा फोटो मागत नाही.

खतावणी:
चांगलं सुचवलंत. फक्त त्याला देणगीची पावती फाडू नका, ८०जी चालणार नाही. बिल वेगळं, वही वेगळी, आणि सुरू करण्याआधी तुमच्या ऑडिटरला विचारा.

वस्तीतली_मावशी:
एका टॉवेल कारखान्याच्या मालकीणबाई ओळखीच्या आहेत, सोमवारी गाठते. बाल संरक्षण कक्षाचा अर्ज कार्यकर्ती लिहायला बसली आहे. वॉर्डातली ताई, माहिती अधिकाराचा मसुदा इथे टाकला तर बघाल का? किती वर्षांचे आकडे मागू?

वॉर्डातली_ताई:
टाका. तीन वर्षांचे मागा. तरतूद किती, खर्च किती आणि कशावर, तिन्ही वेगळं विचारा, नाहीतर एकच बेरीज हातात ठेवतील. समुपदेशकाला तोवर किती महिने थांबवता येईल?

वस्तीतली_मावशी:
ट्रस्टचे थोडे उरलेत, दिवाळीपर्यंत. तिला आजच सांगते.