मदत हवी आहे: वजनाबाबत स्वतःशी खरं कसं बोलायचं?

मंडळी, डाएट प्लॅन मागायला हा धागा काढलेला नाही, हे आधीच सांगते. ते माझ्याकडे ढिगाने पडलेत.

वय ४३, उंची १६२ सेंमी, वजन ९१ किलो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३४.७ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ३० पासून लठ्ठपणा, भारतीयांसाठी डॉक्टर २५ पासूनच धरतात. कुठलीही पट्टी लावा, मी 'जराशी जाड' या सदरात बसत नाही. पण मनातल्या मनात अजून तिथेच बसलेय. "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग झालं" हे माझं लाडकं वाक्य. साखर आणि रक्तदाब खरंच ठीक आहेत. मात्र दोन जिने चढले की धाप लागते, गुडघे कुरकुरतात आणि घरचे माझ्या घोरण्याबद्दल बोलायला लागले की मी विषय बदलते.

डॉक्टरांनी खाल्लेलं सगळं वहीत लिहायला सांगितलंय. लिहिते. पण त्या वहीतली बाई मी नव्हेच! ती फक्त ताटात वाढून घेतलेलं खाते. ओट्याशी उभ्याने तोंडात टाकलेलं, मुलांच्या ताटात उरलं म्हणून संपवलेलं, रात्री सामसूम झाल्यावरचं, यातलं काही तिच्या खात्यावर नाही. खोटं लिहायचं असं ठरवलेलं नसतं, ते आठवतच नाही. १९९२ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास वाचला. कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही म्हणणाऱ्या लठ्ठ लोकांचं खाणं संशोधकांनी तपासलं. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं आणि सांगितलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. चयापचय व्यवस्थित होता. वाचून आधी हायसं वाटलं, मग जाम लाज वाटली.

आणि माझा खरा प्रश्न त्या लाजेचाच आहे. खरं बोलायचं ठरवलं की पाचव्या मिनिटाला मी स्वतःला आळशी, खादाड, तोंडावर ताबा नसलेली म्हणत असते. मग वही बंद. बरं, तेही खरं नाहीच. वजन उतरलं की शरीर भूक वाढवून ते परत मिळवायला बघतं. २०११ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात, वजन घटवल्याला वर्ष झालं तरी भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. म्हणजे 'सगळा हार्मोन्सचा दोष' ही पळवाट आणि 'सगळा माझाच दोष' हीसुद्धा. या दोन्हींच्या मधे तुम्ही कसे उभे राहता? नोंदी खऱ्या राहाव्यात आणि त्यांची आरोपपत्रं होऊ नयेत, यासाठी कोणी काय करतं?

प्रतिसाद

ताई, जेवणं लिहूच नका. ती तुम्हाला पाठ आहेत. मी फक्त उभ्याने आणि एकट्याने खाल्लेलं लिहितो, आणि तेही खाण्याआधी. खाऊन झाल्यावर लिहायला घेतलं की वकिली सुरू होते. शेजारी एकच शब्द: भूक, कंटाळा, राग, दमलो. उष्मांक नाहीत, बेरीज नाही. माझ्या वहीत 'दमलो' इतक्या वेळा आलं, की शेवटी खाणं बदलण्याआधी मी झोपेची वेळ बदलली. ही वही मी कुणालाही दाखवत नाही, डॉक्टरांनाही नाही. त्यांना तोंडी सांगतो.

प्रतिसाद

वरचं पटलं, फक्त डॉक्टरांपासून लपवू नका बुवा.

मी आरोग्यक्षेत्रात आहे म्हणून दोन गोष्टी. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने लठ्ठपणाची नवी मांडणी केली. नुसता बीएमआय पुरेसा नाही, कमरेचा घेरही बघायचा. आणि चरबीमुळे अवयवांच्या कामावर किंवा रोजच्या हालचालींवर परिणाम झालाय का, तेही तपासायचं. त्यामुळे रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत ही आनंदाची बाब, पण धाप आणि गुडघे हेही रिपोर्टच समजा. दक्षिण आशियाई बायकांसाठी घेराची मर्यादा ८० सेंमी धरतात, पुरुषांसाठी ९०.

दुसरं, घोरण्याचा विषय बदलू नका. झोपेत श्वास अडकतो का, सकाळी डोकं दुखतं का, दिवसा पेंग येते का, हे घरच्यांना विचारून डॉक्टरांना सांगा. स्लीप अ‍ॅप्निया असेल तर झोपेची तपासणी करून कळतं आणि त्यावर उपचार आहेत. वजन उतरेपर्यंत थांबायची गरज नाही.

धागाकर्ती

दोघांचे आभार. पेंग येते. इथे लिहीपर्यंत तिला मी 'कामाचा ताण' म्हणत होते. डॉक्टरांची वेळ घेतेय, या वेळी नवऱ्यालाही सोबत नेते, रात्रीचं त्यालाच माहीत. आणि 'उभ्याने' वही आजपासून.

वजनकाट्याबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. रोज उभं राहावं की आठवड्यातून एकदा? रोज बघितलं तर माझा अख्खा दिवस त्या आकड्यावर ठरतो, आणि नाही बघितलं तर महिनोन्‌महिने बघत नाही.