लॉक-इन (करार मध्येच मोडता येत नाही तो काळ) संपायच्या आतच मालक घर खाली करा म्हणतायत, काय करू?

कोथरूडची_आई
नमस्कार, जरा घाईतच लिहितेय. कोथरूडला टू बीएचके घेतलाय भाड्याने, १ जूनपासून ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, रजिस्टर केलेलं. भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार. काल संध्याकाळी पोळ्या करत होते तेव्हा मालक काकांचा फोन आला, म्हणे गावाकडून आईला आणायचंय, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तुमचा तळमजला लागणार, तर १५ नोव्हेंबरपर्यंत खाली करा. माणूस वाईट नाहीये हो, पण माझी मुलगी दहावीला आहे, क्लास इथून चालत पाच मिनिटं, आणि हातात आहेत जेमतेम तीन आठवडे. डिपॉझिटचं विचारलं तर रंगकाम झालं की बघू म्हणाले. निघावंच लागतं का?

भाडेकरू_१२वर्षं
अजिबात हलू नका. ११ महिने म्हणजे ११ महिने.

अ‍ॅग्रीमेंटवाला
वरच्यांचं पूर्ण बरोबर नाही. ताई, आधी पीडीएफ उघडा आणि दोन कलमं शोधा, लॉक-इन आणि नोटीस. बहुतेक ठिकाणी लॉक-इन दोघांनाही लागू असतं आणि नंतर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन कोणीही सोडू शकतं. काहींमध्ये मात्र लॉक-इन फक्त भाडेकरूवरच टाकलेलं असतं, म्हणून शब्द न् शब्द वाचा. फोनवर सांगितलं ही लेखी नोटीस नव्हे. कुलूप बदलणं, पाणी तोडणं असं मालकाला परस्पर करता येत नाही. पण ३० एप्रिलनंतर एक दिवसही राहू नका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४, मुदत संपल्यावर राहिलात तर दुप्पट भाडं भरावं लागू शकतं.

कोथरूडची_आई
वाचलं. लॉक-इन ६ महिने, दोघांनाही. म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत ना? नंतर एक महिना नोटीस.

ठाण्याचा_मालक
मी मालकाच्या बाजूने सांगतो. मला फ्लॅट विकायचा होता तेव्हा मीही मुदतीआधी भाडेकरूला उठवलं, पण गरज माझी होती तर खर्चही माझाच. नव्या घराची ब्रोकरेज दिली, टेम्पोचे पैसे दिले आणि अर्धं डिपॉझिट महिनाभर आधीच परत केलं, कारण भाडेकरूला नव्या घराचं डिपॉझिट भरायला पैसे हेच असतात, ते आपल्याकडे अडकवून त्याला घर शोध म्हणणं अन्याय आहे. काकांना हे स्पष्ट बोला, फोनवर नको, घरी जाऊन बोला. आणि त्यांच्या आईचंही खरं असेल तर परीक्षेपर्यंत अडून बसू नका, तिला तीन मजले चढवत नाहीत.

कोथरूडची_आई
काल दोघं जाऊन आलो. काकू चहा करत होत्या, आजींचे एक्स-रे टेबलावर पसरलेले, काका स्वतःच म्हणाले मी घाईत बोललो. ठरलं असं, ३१ डिसेंबरला सोडायचं, ब्रोकरेज आणि टेम्पो ते देणार, ४० हजार १ डिसेंबरला, उरलेले ३५ किल्ली देताना. रंगाचे कापणार नाहीत. शेजारच्या सोसायटीत एक वनबीएचके बघितलाय, लहान आहे पण क्लास जवळच राहतो. आता हे सगळं तोंडीच आहे, काय लिहून घेऊ?

अ‍ॅग्रीमेंटवाला
आजच लिहून घ्या, काका चांगले आहेत तरी. जुन्या करारनाम्याचा नंबर, सोडायची तारीख, दोन्ही रकमा, लॉक-इनबद्दल कोणी कोणाकडे काही मागणार नाही हे एक वाक्य, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. पैसे बँकेतूनच. सोडायच्या दिवशी महावितरणच्या मीटरचा आणि सगळ्या खोल्यांचा फोटो काढा, किल्ली मिळाली असं काकांकडून सहीनिशी घ्या. ३५ हजार खात्यात आल्याचा मेसेज दिसला की मगच किल्ली काकांच्या हातात ठेवा.